कोतवालचं थांबणं

कोतवाल पहिल्यांदा थांबला, त्या सकाळी मी माळाच्या कडेला यांच्या न्याहारीचा डबा घेऊन उभी होते. थंडीचे दिवस. ऊन नुकतं कुठं माळावर उतरलं होतं, गवतावरचं दव अजून निघालं नव्हतं. टापांचा आवाज कानावर आला तसा मी डबा खाली ठेवला आणि बघत राहिले. मला ते बघायला फार आवडायचं. काळाभोर कोतवाल घोडा, त्याच्या मानेवर ओणवे झालेले हे, आणि समोर तो मोठा चर. चराला लागूनच पलीकडे तुराट्यांच्या पेंढ्या बांधून उभी केलेली भिंत. चर आणि भिंत एकाच उडीत पार करायची.

घोडा भरधाव आला. उडीच्या जागेवर आला आणि पुढचे पाय रोवून जागच्या जागी उभा राहिला. हे त्याच्या मानेवरून फेकले गेले आणि चरात जाऊन पडले.

मी धावले. तिकडून तबेल्यातला कासमभाई धावला. पण आम्ही पोचायच्या आत हे स्वतःच वर आले. कोपर खरचटलं होतं, तोंड चिखलानं माखलं होतं. त्यांनी पडलेला चाबूक उचलला आणि घोड्याला मारायला सुरुवात केली.

आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. जनावरावर यांचा हात उठलेला मी एकदाही पाहिला नव्हता. लाथ मारणाऱ्या शिंगरालासुद्धा ते समजुतीनं घ्यायचे. आणि त्या दिवशी ते मारतच सुटले. सगळ्यांत विचित्र म्हणजे घोडा पळून गेला नाही. लगाम कुणी धरला नव्हता, माळ चारही दिशांना मोकळा होता. तो मान खाली घालून उभा राहिला आणि यांच्याकडे बघत राहिला.

"साहेब, बास करा," कासमभाई म्हणाला आणि मध्ये जाऊन उभा राहिला. एक फटका त्याच्याच दंडावर बसला, तेव्हा कुठं यांचा हात खाली आला.

"त्याला थांबायचं काही कारण नव्हतं," हे म्हणाले. "मी त्याला मोकळा सोडला होता. भिंत अजून लांब होती, आणि एकदम..." पुढचं त्यांना सुचेना. त्यांचे डोळे मला कसेतरीच वाटले, गाढ झोपेतून कुणी हलवून उठवलेल्या माणसाचे असतात तसे. पडल्यामुळं असेल म्हणून मी तो विचार सोडून दिला.

हे म्हणजे रिसालदार हैबतराव. आधी संस्थानच्या घोडदळात होते, संस्थानं गेल्यावर फौजेत गेले, आणि तिथून मोकळे झाल्यावर वाघदऱ्याच्या बापूसाहेबांनी त्यांना आपल्या घोड्यांच्या फार्मवर बोलावून घेतलं. फार्मच्या एका टोकाला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. कासम यांच्याच पथकातला दफेदार. यांनी फौज सोडल्यावर त्याचंही तिथं मन रमेना, म्हणून तोही आला. पहाटे घोड्यांना फिरवायचं काम त्याचं, आणि शर्यतीत बसायचं काम यांचं. घोड्याच्या पाठीवर यांच्यासारखं हलकं बसणारा माणूस आख्ख्या जिल्ह्यात नाही, असं बापूसाहेब चारचौघांत सांगायचे.

कोतवाल फार्मवरच जन्मलेला. आधी त्याला पुण्याला सपाटीवरच्या शर्यतींसाठी पाठवला होता. तिथं तो काही चमकला नाही. गर्दीत घोडे एकमेकांना घासायला लागले की याचं लक्ष उडायचं. दोन पावसाळ्यांनंतर त्याला परत पाठवून दिला. टांग्याला लावायचा की विकून टाकायचा असं चाललं होतं. एका दुपारी तो लसूणघासाच्या वाफ्यात उभा दिसला. वाफ्याला पुरुषभर उंचीचा दगडी गडगा, फाटक बंद. माळ्यानं आरडाओरडा केला तसा तो वळला, चार पावलं धावला आणि गडग्यावरून अलीकडे उतरला. जणू उंबरठा ओलांडावा. हे ओट्यावर चहा पीत होते. कप तसाच ठेवून ते उठले.

नाव यांनीच ठेवलं. तारेवर बसणारा तो काळा कोतवाल पक्षी, स्वतः एवढासा असून घारीच्या मागं लागतो, तो यांचा फार आवडता. पहिल्या वर्षी छावणीच्या मैदानावर उड्यांच्या शर्यतीत कोतवाल धावला तेव्हा लष्करी साहेब लोक दुर्बिणी खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले. तीन मैलांची वाट, वाटेत भिंती, चर, पाण्याचा खड्डा. बाकीचे घोडे अडथळा आला की वेग कमी करायचे. याला अडथळा आला की हुरूप यायचा. त्या हिवाळ्यात तो एकही शर्यत हरला नाही. शेवटच्या शर्यतीत ओल्या गवतावर उतरताना पाय घसरून तो पडला, हे डोक्यावर आपटले. पण उठले, लगाम हातात होताच, पुन्हा स्वार झाले आणि शर्यत जिंकून आले. कानामागून रक्त येत होतं आणि हे हसत होते. वर्तमानपत्रात फोटो आला. बापूसाहेबांनी सांगून टाकलं की पुढच्या साली छावणीची शर्यत झाली की घोडा कलकत्त्याला न्यायचा, तिथल्या मोठ्या शर्यतीत उतरवायचा. फार्मवर पेढे वाटले होते.

आणि आता तोच घोडा थांबायला लागला.

पहिल्या वेळेनंतर आठवडाभरातच तो पुन्हा त्याच चरापाशी थांबला. मग फार्मवर कुजबूज सुरू झाली. त्या चराजवळ पूर्वी एक गुराखी वीज पडून मेला होता म्हणे. घोड्याला तिथं काहीतरी दिसतं, असं माळी म्हणायला लागला. कुणीतरी नारळ फोडला, कुणी कोतवालच्या आयाळीत काळा दोरा बांधला. यांनी तो तोडून टाकला. पण नंतर घोडा पाण्याच्या खड्ड्याजवळ थांबला, एकदा नुसत्या मोकळ्या माळावर थांबला, जिथं अडथळाच नव्हता. मग बोलणाऱ्यांनाही काय बोलावं ते कळेना. माळी संध्याकाळचा त्या बाजूला जायचा बंद झाला.

बापूसाहेबांनी साताऱ्याहून जनावरांचे डॉक्टर आणले. त्यांनी छाती तपासली, पाय दाबून पाहिले, डोळ्यांपुढं बॅटरी धरली, खूर उचलून ठोकले. घोड्यात काहीही दोष नाही, असं त्यांनी सांगितलं. एखादं जनावर मनातून बिघडतं, म्हणाले, आणि बिघडलेलं सुधारत नाही. ते गेल्यावर बापूसाहेब बराच वेळ तबेल्यापुढं उभे होते.

"रिसालदार," ते म्हणाले, "सपाटीवर थांबला तर हसं होईल एवढंच. इथं ऐन उडीला थांबला तर मागचे चार घोडे अंगावर येतील. छावणीत तो थांबला, तर मी त्याला परत फार्मवर आणणार नाही."

याचा अर्थ सगळ्यांना कळला. बापूसाहेबांचं पिस्तूल शर्यतीच्या दिवशी गाडीत असायचंच. पाय मोडलेल्या घोड्याला तळमळत ठेवायचं नाही, ही त्यांची रीत होती.

सगळ्यांत वाईट गोष्ट वेगळीच होती. कासमभाई बसला की कोतवाल कधीच थांबत नव्हता. रोज सकाळी तोच चर, तीच भिंत, तो पाखरासारखा पार व्हायचा. हे पाहून यांचं तोंड उतरायचं. आधी ते काही बोलले नाहीत. मग घरी एकटेच पुटपुटायला लागले की कासम घोड्याला काहीतरी चारतो, काहीतरी शिकवतो, त्याला स्वतःला शर्यतीत बसायचंय. मी ऐकून घाबरले. या दोघांना एका ताटात जेवताना मी पाहिलं होतं. कासमच्या मुलीच्या लग्नात हे वधूपक्षाकडून पाहुण्यांना सामोरे गेले होते. यांच्या डोक्यात असलं काही येईल हे स्वप्नातही वाटलं नव्हतं.

हे बदललेच होते. पूर्वी घरात आले की गप्पा, हसणं. आता बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे. मी काही विचारलं तर उत्तर यायचं नाही, आणि थोड्या वेळानं असे बघायचे की मी विचारलंच नव्हतं. घोड्याची काळजी पोखरतेय, असं मी धरून चालले होते. एका सकाळी ओट्यावर आरसा टांगून दाढी करत होते. मी चहा ठेवला, हाक मारली. ओ नाही. पुढं जाऊन पाहिलं तर वस्तरा गालावर टेकलेला, हात थांबलेला, डोळे उघडे आणि आरशात कुठंतरी लागलेले. डावा हात तेवढा हलत होता. सदऱ्याचं वरचं बटण दोन बोटांत धरून ते हळूहळू फिरवत होते, लहान मूल खेळतं तसं. ओठ चाटल्यासारखे हलत होते. मी पुन्हा हाक मारली, खांद्याला हात लावला. मग पापणी लवली, वस्तरा खाली सरकला आणि ते म्हणाले, "चहा झाला का?"

"केव्हाचा ठेवलाय समोर."

त्यांनी कपाकडे पाहिलं आणि गार झाला म्हणून माझ्यावरच चिडले.

असं त्यानंतर जेवताना झालं, एकदा विहिरीवर झालं. दर वेळी हात त्या बटणाकडे जायचा. मी मनाशी म्हटलं, माणूस झुरतोय. शर्यत होऊन जाऊ दे, मग माहेरी घेऊन जाईन चार दिवस.

शर्यतीला दोन दिवस राहिले होते. त्या सकाळी मी डबा घेऊन नेहमीच्या जागी न थांबता पार भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. का ते आज सांगता येणार नाही. कदाचित चरापाशी खरंच काही आहे का, हे मलाही बघायचं असेल. हे येताना दिसले. घोडा नेहमीच्या चालीत, कान टवकारलेले, डोळे भिंतीवर. त्याला भीती वाटत नव्हती, एवढं मला जवळून स्पष्ट दिसलं. आणि मग मी यांच्याकडे पाहिलं. यांचा डावा हात लगामावरून सुटला आणि वर गेला, कोटाच्या बटणाकडे. बोटं बटण फिरवायला लागली. तोंड कोरं, ओठ हलताहेत.

घोड्याचा एक कान झटकन मागं वळला. त्यानं पाऊल आखडलं, मग आणखी आखडलं. या वेळी तो एकदम थांबला नाही. हळूहळू धीमा होत, चर डावीकडे टाकून वळला आणि उभा राहिला. पाठीवरच्या माणसाचा तोल जाऊ नये म्हणून घडा सांभाळत चालावं तसा. मग वाट बघत राहिला. यांचे डोळे माझ्यावरून फिरले, पण मी त्यांना दिसले नाही. थोड्या वेळानं भानावर आले, समोर चर नाही हे पाहून दचकले आणि चाबूक हातात घेतला.

मी पुढं होऊन लगाम धरला. आख्खा फार्म ज्या घोड्याला भूतबाधा झाली म्हणत होता, त्याला एकट्यालाच काय झालंय ते कळलं होतं. आणि तो थांबला नसता तर माझ्या कुंकवाचं काय झालं असतं, तेही मला तिथंच कळलं.

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. दाढीचं, विहिरीवरचं, आत्ताचं. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं पटतंय.

"मला असं काही झालेलं आठवत नाही," ते म्हणाले.

"तुम्हांला आठवत नाही, म्हणूनच सांगते."

"चाळीस वर्षं घोड्यावर बसतोय मी. लगाम सोडला आणि मला कळलं नाही, असं होईल?"

"झालं. मी हातभर अंतरावर होते."

"कासमनं पढवलं का तुला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती दिसली. रागाच्या खाली दडवलेली, पण भीतीच. ज्या माणसाला स्वतःच्या हातांखेरीज कशाचाच भरवसा नव्हता, त्याला मी सांगत होते की तुमचे हात तुमचे नाहीत. ते उठून बाहेर गेले. दुपारी कळलं की यांनी कासमभाईला तबेल्यातून काढून टाकलं होतं, सगळ्या नोकरांच्या देखत. घोड्याला काहीतरी चारतोस असा आरोप केला. कासमभाईनं उलट उत्तर दिलं नाही. खराऱ्याचा ब्रश खुंटीला लावला आणि निघून गेला.

जाताना तो आमच्या दारावरून गेला. मी त्याला थांबवलं, सगळं सांगितलं. तो ऐकून खालीच बसला.

"वहिनीसाहेब, घोडा खोटा न्हाई हे मला ठावं होतं," तो म्हणाला. "पर खोट कुठं हाय, ह्याचा इचार करायला मन धजलं न्हाई."

छावणीच्या मैदानावर त्या दिवशी मोठी गर्दी होती. तंबू, पताका, लष्करी बँड. बायका सहसा त्या बाजूला जात नसत. मी पदर घट्ट आवळला आणि बापूसाहेब उभे होते तिथं सरळ गेले. भोवती साहेब लोक होते. मी म्हटलं, मला दोन शब्द बोलायचेत. बापूसाहेब भले माणूस, लगेच बाजूला आले.

"घोडा थांबत नाही, बापूसाहेब. हे थांबतात," मी म्हणाले. आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. "आज यांना बसवू नका. कासमभाई आलाय, कुंपणापलीकडे उभा आहे. त्याला बसवा."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग यांना बोलावून घेतलं. हे रंगीत रेशमी सदरा घालून तयार होऊन आले, ताठ, दाढी गुळगुळीत. इतके देखणे दिसत होते की मला स्वतःचाच संशय आला. बापूसाहेबांनी विचारलं, रिसालदार, तब्येत बरी आहे ना. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं.

"हिला माझी काळजी वाटते," हे म्हणाले. "आपल्याला वाटत असेल तर मी उतरतो. पण मग पुन्हा फार्मवर तोंड दाखवणार नाही."

बापूसाहेबांनी आम्हां दोघांकडे पाहिलं. एका बाजूला बायकोचं बोलणं, दुसऱ्या बाजूला त्यांनी ज्याच्यावर जीव टाकला तो माणूस. घंटा झाली. घोडे सुरुवातीच्या रेषेकडे निघाले. बापूसाहेबांनी मान हलवली आणि हे गेले. मी बापूसाहेबांना दोष देत नाही. माझ्या जागी दुसरं कुणी येऊन मला हेच सांगितलं असतं, तर मलाही पटलं नसतं.

मी कुंपणापाशी कासमभाईच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

पहिली फेरी कोतवालनं अशी काढली की लोक पायांच्या बोटांवर उभे राहून बघायला लागले. प्रत्येक भिंतीला तो बाकीच्यांच्या पुढं उतरत होता. दुसऱ्या फेरीला तो बराच पुढं निघाला, मागं पाच-सहा घोडे एका घोळक्यात. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला मोठा चर होता. तिथून माणसं बाहुल्यांएवढी दिसत होती. तरी मला यांचा हात वर जाताना दिसला. कासमभाईनं कुंपणाचा बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरला.

कोतवाल धीमा झाला. मागून घोळका येत होता, जमीन हादरत होती. तो एकदम उभा राहिला असता तर सगळे त्याच्यावर कोसळले असते, सरळ गेला असता तर सैल पडलेला माणूस चरात गेला असता. तो कडेला सरकला, एक पाऊल, दोन पावलं, वाटेच्या बाहेर. घोडे त्याच्या अगदी लगटून गेले, एका स्वाराच्या पायातली रिकीब यांच्या गुडघ्याला घासली असं नंतर कळलं. उडालेली माती त्याच्या अंगावर पडली. तो हलला नाही. घोडे गेले, आणि मोकळ्या मैदानावर तो काळा घोडा एकटा उभा राहिला, पाठीवर बटणाशी खेळणारा माणूस घेऊन.

आधी लोकांनी हुर्यो केली. मग हळूहळू आवाज कमी होत गेला. कारण कोतवाल चालायला लागला होता. लगाम मानेवर लोंबत होता, कुणी त्याला हाकत नव्हतं. तो पावलापावलानं मैदान ओलांडून आमच्याकडे येत होता. बघणाऱ्यांना आता दिसत होतं की वरच्या माणसाचे डोळे उघडे आहेत, आणि तो कुठंच बघत नाही. कासमभाई कुंपणाखालून वाकून आत शिरला आणि धावला. घोड्याजवळ पोचल्यावर त्यानं लगामाला हात लावला नाही. नुसता यांच्या पायाला हाताचा आधार देऊन सोबत चालत राहिला.

ते आमच्यापाशी आले तेव्हा यांची पापणी लवली. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, कासमकडे पाहिलं.

"कासम, घंटा झाली का रे?" हे म्हणाले.

बापूसाहेब जवळच येऊन उभे होते; पिस्तूल गाडीतच राहिलं होतं. हे सगळ्यांचे चेहरे एकेक करून बघत गेले. मग पलीकडे नजर गेली. तिथं शेवटची भिंत पार करून घोडे पोचायच्या रेषेकडे निघाले होते. यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बोटं अजून बटणावर होती. ती त्यांनी सोडवली, खाली उतरले आणि घोड्याच्या मानेवर, जिथं वळ उठून गेलेले होते तिथं, हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं रडतील. रडले नाहीत. त्या रात्री जेवले नाहीत एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ते कासमभाईच्या घरी गेले. तिथं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. दोघं बरोबर परत आले.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की आदल्या वर्षी डोक्याला मार लागला त्याचा हा परिणाम. गोळ्या सुरू झाल्या, त्या अखेरपर्यंत चालल्या. गोळ्यांनी तसं भान जाणं बरंच कमी झालं. पण घोड्यावर बसणं संपलं. पुढं पंधरा वर्षं यांनी वाघदऱ्याला जमिनीवर उभं राहून घोडे तयार केले. ते काम त्यांनी मान खाली न घालता केलं.

कोतवालचं काय झालं, असं लोक अजून विचारतात. पुढच्या हिवाळ्यात कासमभाई त्याच्यावर बसला. लोक म्हणत होते, आता खोटही कळलीय आणि स्वारही धडधाकट आहे, आता हा घोडा कलकत्ता गाजवणार. पहिल्याच शर्यतीत काय ते दिसलं. घोडा तसाच धावत होता, उडीही तीच. पण प्रत्येक चराच्या आधी त्याचं एक पाऊल आखडायचं. एक कान मागं वळायचा. पाठीवरचा माणूस आहे ना जागा, हे बघितल्याखेरीज तो उडी घ्यायचाच नाही. लगामावर कासमचे हात लागले की मग उडायचा, आणि उडाला की कुणाला ऐकायचा नाही. पण त्या एका पावलात दुसरे घोडे पुढं निघून जायचे. तो दुसरा यायचा, तिसरा यायचा. एखाददुसरी शर्यत जिंकलाही. कलकत्त्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. बापूसाहेबांनी त्याला विकला मात्र नाही.

एकदा शर्यत संपल्यावर कासमभाई घोडा घेऊन आला. घामानं दोघंही निथळत होते. नुसत्या मानेच्या फरकानं हरले होते. हे पुढं होऊन घोड्याच्या तोंडावरचा फेस पुसत होते.

"रोज सांगतो साहेब ह्याला," कासमभाई म्हणाला, "की बाबा, मी शुद्धीत हाय, तू जा. ऐकत न्हाई."

हे घोड्याचं तोंड पुसत राहिले.

"नको सांगत जाऊ," म्हणाले. "बघू दे त्याला."